जुने प्रोजेक्टर आणि घरातील रिळे

(सुरत येथील मराठी शिक्षक व रहिवासी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आपण मला बोलावले ते जुने प्रोजेक्टर दुरुस्त कसे करावेत हे सांगण्यासाठी. परंतु प्रारंभीच एक कबुली देतो. या विषयाकडे मी वळलो तो एका नुकसानीमुळे. आमच्या घरी आठ मिलिमीटरची काही रिळे होती. त्यांपैकी एकात माझी आजी तुळशीला पाणी घालीत असताना टिपलेली होती. तिचे चालतेबोलते रूप दुसरे कोठेही नव्हते. माळ्यावरून यंत्र काढले, धूळ झटकली, वीज जोडली आणि ते रीळ लावले. भिंतीवर चित्र थरथरू लागले. दोष भिंगाचा असावा असे समजून मी भिंग फिरवीत राहिलो. तेवढ्यात यंत्रातील नखीने फिल्मची भोके फाडीत नेली. बारा फूट फिल्म गेली. जुन्या आठ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ऐंशी चित्रे असतात आणि सेकंदाला सोळा चित्रे सरकतात. म्हणजे ते एक मिनिट होते. बिघडलेले यंत्र पुढे दुरुस्त झाले. ते मिनिट परत आले नाही. आज जे सांगणार आहे ते सारे या अनुभवातून आलेले आहे.

सुरतेत हा विषय मांडताना परकेपणा वाटत नाही. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. त्यानंतर काही वर्षांतच तंबू आणि यंत्र घेऊन गावोगाव फिरणारे चालक निघाले. त्यांतील एक अग्रगण्य नाव अब्दुलअली युसुफअली यांचे. ते १८८४ साली याच सुरतेत जन्मले. १९०१ पासून काही वर्षे ते ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा अशा प्रदेशांत तंबू घेऊन हिंडले, नंतर भारतभर. सुमारे हजार माणसे मावतील एवढा त्यांचा तंबू होता. पुढे अर्देशिर इराणी यांच्या भागीदारीत ते मुंबईत चित्रपटगृहे चालवू लागले. त्यांच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ झळकला. अशा फिरत्या व्यवसायात यंत्र अडले की त्या दिवसाची मिळकत अडली. म्हणून यंत्र पुसणे हे त्या लोकांना रोजच्या दिवाबत्तीइतके अंगवळणी पडलेले असे. आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे खानदेशात आहेत. जत्रेतील तंबू-सिनेमा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना पडद्याइतकेच ते खडखडणारे यंत्रही आठवत असेल.

यंत्र समजण्यासही आपणांस अडचण पडू नये. फिल्म सलग सरकत नाही. ती क्षणभर थांबते, पुढे जाते, पुन्हा थांबते. शिवणयंत्रात कापड असेच टाक्याटाक्याने सरकते, आणि ल्यूमिएर यांना आपली युक्ती त्यावरूनच सुचली असे सांगितले जाते. नखी भोकात शिरते, फिल्म एक चित्र खाली ओढते आणि बाहेर निघते. फिल्म जेथे थांबते त्या चौकटीला गेट म्हणतात. सफाईचे अर्धे काम या गेटपाशी आहे.

गेटमध्ये वर्षानुवर्षे फिल्मवरील लेपाचे कण साचून काचेसारखे कठीण होतात. पुढची फिल्म त्यावर घासली की तिच्यावर लांबच लांब चरा उमटतो. हा थर सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसे करू नये. धातूला ओरखडा पडला तर तो ओरखडाच पुढे प्रत्येक फिल्म कापीत राहील. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा थरावर थोडा वेळ धरावा आणि मऊ झालेले कण बांबूच्या काडीने उचलावेत. दातेरी चाकांचे दाते आणि फिल्म दाबून धरणारी पट्टी यांनाही हाच उपचार. मात्र हे द्रव रबरास व रंगास लागू देऊ नये.

भिंगावर प्रथम रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ कुंचला, आणि शेवटी भिंगाच्या कागदाने मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. धोतराच्या सोग्याने पुसण्याची आपली जुनी सवय येथे महाग पडते. सुरतेच्या दमट हवेत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती आतल्या बाजूस असेल तर भिंग जाणकाराकडे द्यावे. यंत्र चामड्याच्या पेटीत ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते.

जुने वंगण घट्ट होऊन मेणासारखे बसते. त्यावर नवे तेल ओतणे म्हणजे चिखलात पाणी घालणे. आधी जुने काढावे. मग शिवणयंत्राचे तेल, तेही एका जागी एकच थेंब. जादा तेल उडून फिल्मवर बसते. रबरी पट्टे डांबरासारखे वितळलेले आढळतात. ते पुसून काढून नवे घालावेत. या कामी यंत्रमागावरील कारागिराचा हात माझ्यासारख्या पुस्तकी माणसापेक्षा अधिक वाकबगार असतो, हे मी येथे मोकळेपणाने सांगतो.

विजेबाबत मात्र धाडस नको. अमेरिकेतून आलेली पुष्कळ यंत्रे ११० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर ती तत्काळ जळतात. यंत्राच्या मागील पट्टी वाचावी. वायरीवरील रबर तडकले असेल तर वीजतंत्र्याकडून वायर बदलून घ्यावी. दिव्याजवळ करडे, तंतुमय अस्तर दिसले तर ते खरवडू नये. काही जुन्या यंत्रांत ते अ‍ॅस्बेस्टॉसचे असते आणि त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे.

सफाई झाली तरी मौल्यवान रीळ लगेच लावावयाचे नाही. प्रथम वीज न जोडता यंत्र हाताने फिरवून पाहावे. नंतर दिवा बंद ठेवून केवळ मोटर चालवावी. मग टाकाऊ फिल्मचा तुकडा दोन-तीनदा चालवून त्यावर चरा उमटतो का, भोके शाबूत राहतात का, हे बहिर्गोल भिंगातून तपासावे. फिल्म आपल्या यंत्राचीच आहे ना हेही पाहावे. जुनी आठ मिलिमीटर आणि १९६५ साली आलेली सुपर-आठ यांची रुंदी एकच. परंतु भोकांचे आकार व जागा भिन्न आहेत.

आता खुद्द रिळांविषयी. डबा उघडताच शिरक्यासारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजू लागली आहे असे समजावे. उष्णता आणि दमटपणा यांनी हा विकार बळावतो. अशी फिल्म आकसते आणि तिची भोके नखीशी जुळत नाहीत. ती कोणत्याही यंत्रावर, कितीही स्वच्छ असले तरी, चालवू नये. चित्रामागून चित्र स्कॅन करणाऱ्या व्यावसायिकाकडून तिची प्रत करून घ्यावी, आणि ती बाकीच्या रिळांपासून वेगळी ठेवावी.

ऑगस्ट २००६ मधील तापीचा पूर आपण विसरलेला नाहीत. अर्ध्याअधिक शहरात पाणी शिरले, आणि घराघरांतील कागद, छायाचित्रे, रिळे भिजली. पुष्कळांनी ती उन्हात वाळत घातली. मनास पटणारा तो उपाय फिल्मच्या बाबतीत उलटा ठरतो. वाळताना वेढे एकमेकांस चिकटतात आणि उलगडू जाता चित्रच सोलून येते. भिजलेले रीळ स्वच्छ, थंड पाण्यात बुडवून ठेवावे आणि त्याच अवस्थेत शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवावे. पूर पुन्हा आला तर एवढे ध्यानात असू द्यावे. आणि रिळे तळमजल्यावरील लोखंडी पेटीत कशासाठी ठेवावयाची?

शिक्षकांना एक विनंती. शाळांच्या अडगळीच्या खोल्यांत सोळा मिलिमीटरची यंत्रे अजून सापडतात. भंगारात काढण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावीत. आठवी-नववीच्या मुलांना भिंग, मोटर आणि दातेरी चाके एकाच ठिकाणी दाखविणारे याहून चांगले साधन मला ठाऊक नाही. यंत्रासोबत रिळे सापडली तर डब्यावरील मजकूर उतरवून घ्यावा. ती गावच्या संमेलनाचीही असू शकतील.

समोरच्या मेजावर दोन यंत्रे ठेवली आहेत. एक आठ मिलिमीटरचे आहे, त्याचा पट्टा वितळलेला आहे; दुसरे एका शाळेतून आले आहे आणि त्याचे गेट अजून कोणी उघडलेले नाही. पुढील रांगेतील मंडळींनी खुर्च्या थोड्या जवळ ओढून घ्याव्यात. आपण शाळेच्या यंत्रापासून सुरुवात करू. त्याची वायर मी मुद्दामच काढून ठेवली आहे.