आम्ही दोघांनी पाहिलेली मुंबई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाचा सराव नाही. सातवीपर्यंत शाळा झाली. त्यानंतर जे काही बोलणे झाले ते ओसरीवर आणि नळावर. पण मंडळाने सांगितले, "मुंबईस जाऊन आलात, ते सांगा," म्हणून उभी राहिले आहे.

2025 च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, आम्ही उभयता त्र्यंबकेश्वरास गेलो आणि तेथून पुढे मुंबईस जाऊन चार दिवस राहिलो. त्र्यंबकेश्वराचे कोणी काही विचारले नाही. देवाला जाणाऱ्या बाईला कोणी कारण विचारीत नसते. मुंबईचे नाव काढले की मात्र जो तो एकच विचारी, "कोणाला दाखवायचे आहे?" यात विचारणाऱ्याचा दोष नाही. चुडाव्याचा माणूस मुंबईस जातो तो नोकरीला, नाही तर परळच्या दवाखान्यात. मीसुद्धा पूर्वी गेले होते ती सासऱ्यांना घेऊनच. अकरा दिवस राहिलो. परळचा फुटपाथ, औषधांची दुकाने आणि एका जिन्याखालची जागा, एवढीच माझी मुंबई. समुद्र दिसला नाही. पुढे सासरे राहिले नाहीत. त्यानंतर घरात मुंबईचे नाव निघाले की आमचे मालक उठून बाहेर जात. एके दिवशी जेवता जेवता तेच म्हणाले, "एकदा तो समुद्र तरी पाहून येऊ." हे ते पुढे दहाएक वर्षे म्हणत राहिले. शेवटी मी दुधाचे पैसे बाजूला टाकू लागले.

आपल्या भागातून मुंबईस जाणे आता अवघड नाही. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास आपला लोहमार्ग झाला तो मीटरगेजचा, म्हणजे अरुंद रुळाचा. मनमाडला उतरायचे, बोचकी डोक्यावर घ्यायची आणि दुसऱ्या गाडीत जागा धरायची, असे जुन्या बाया सांगतात. 1990 नंतर रूळ रुंद झाले. आता पूर्ण्याला बसलेला माणूस थेट बोरीबंदरला उतरतो. आम्ही नाशिकरोडला उतरून त्र्यंबकेश्वर केले आणि दुसऱ्या दिवशी पुढची गाडी धरली.

बोरीबंदरचे स्टेशन हे उतरून पळण्याचे ठिकाण नव्हे, उभे राहून पाहण्याचे आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या इंग्रजाने त्याचा आराखडा केला. 1878 साली काम सुरू झाले, ते दहा वर्षे चालले. 1996 साली व्हिक्टोरिया राणीचे नाव जाऊन छत्रपती शिवाजी हे नाव लागले आणि 2017 साली त्यात महाराज हा शब्द जोडला. घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. ती प्रगतीची मूर्ती. मालक म्हणाले, "एवढ्या उंचीवर बाईच का चढविली असेल?" मी म्हटले, "जळमटे काढायला." ते रस्त्यात मोठ्याने हसले. त्यांना असे हसताना मी पुष्कळ दिवसांनी पाहिले.

लॉजमध्ये राहण्याची मला भीती होती. आपल्याकडे लॉज हा शब्द बायांनी उच्चारायचा नसतो. पण तेथे सरळ काम असते. आधारकार्ड दाखवायचे, वहीत नाव लिहायचे, किल्ली घ्यायची. गल्ल्यावरच्या माणसाने विचारले, "पेशंट कोण आहे? खालची खोली देऊ का?" मालक म्हणाले, "पेशंट कोणी नाही. फिरायला आलो." पण ते इतक्या हळू म्हणाले की त्या माणसाने पुन्हा विचारले.

दुसऱ्या दिवशी घारापुरीस गेलो. गेटवे ऑफ इंडियापासून बोटीने तासाभराचा रस्ता आहे. त्याआधी महिनाभरच, 18 डिसेंबर 2024 ला, याच वाटेवर प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून तेराहून अधिक माणसे गेली होती. ते आम्ही टीव्हीवर पाहिले होते, आणि सासूबाईंनी निघताना पाण्यात न जाण्याची शपथच घातली होती. मालक धक्क्यावर बराच वेळ उभे राहिले. मग बोटवाल्याने सर्वांना नारिंगी जाकिटे घालायला लावली. माझ्या लुगड्यावर ते जाकीट कसे दिसत होते ते विचारू नका. मालकांनी माझ्या जाकिटाचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. चारचौघांत त्यांनी माझ्या पदरालाही कधी हात लावलेला नाही. सासूबाई समोरच बसल्या आहेत. त्यांना घरी आल्या दिवशीच सांगितले आणि त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, म्हणून येथे उघड बोलते आहे.

घारापुरीची लेणी सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली आहेत. वेरूळचे 29 वे लेणे ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही ओळखीची वाटतील. तीन मुखांची महेशमूर्ती मोठी, अठरा फुटांच्या आसपास. सगळे लोक तिच्यापुढेच उभे राहतात. मी मात्र जास्त वेळ उभी राहिले ती शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी. पार्वती शंकराच्या उजव्या हाताला मान लववून उभी आहे, मागे तिचा बाप आहे. मूर्ती पुष्कळ फुटल्या आहेत, हात गेले आहेत, पाय गेले आहेत. तरी नवरीचा संकोच जसाच्या तसा आहे. दगडात संकोच कोरणारा कारागीर काय योग्यतेचा असेल! दुसरीकडे अर्धनारीनटेश्वर आहे. अर्धे अंग शंकराचे, अर्धे पार्वतीचे. मालकांना तो आधी ओळखू आला नाही. मी सांगितल्यावर म्हणाले, "मग यांच्यात भाकरी कोण भाजतो?" याला मी उत्तर दिले नाही.

पायऱ्यांवर बेटावरची एक बाई बोरे आणि काकडी घेऊन बसली होती. घारापुरीला शेतबंदर, मोरा बंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत. तेथे विजेची तार 2018 साली गेली, समुद्राच्या तळातून. म्हणजे स्वातंत्र्याला सत्तर वर्षे झाल्यावर! तोवर संध्याकाळी थोडा वेळ जनरेटर चाले. ती बाई म्हणाली, "समोर मुंबई रात्रभर लखलख, आणि आम्ही अंधारातून ती बघायचो." मला वाटत होते की मागे राहिलेली गावे सगळी आपल्या मराठवाड्यातच आहेत.

पोर्तुगीज लोकांनी या बेटाला एलिफंटा म्हटले ते तेथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता बेटावर नाही. तो फुटला, मग मुंबईस आणला आणि तुकडे जोडून भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा केला. तिसऱ्या दिवशी आम्ही तो मुद्दाम पाहिला. बागेत पोरांची झुंबड पेंग्विन पाहायला. हे पक्षी 2016 साली परदेशातून आणले, आणि त्यांना गारठ्यात ठेवतात. माणसे घामाने निथळत आणि पक्षी थंडीत, असा तेथला न्याय आहे.

त्या दिवशी दादरकडे जाताना बस परळवरून गेली. मालक खिडकीबाहेर पाहत होते. मी पिशवीतले सामान नीट लावीत होते. दादर आल्यावर ते म्हणाले, "अण्णांना राणीची बाग दाखवता आली असती. तेव्हा सुचलेच नाही." मी म्हटले, "तेव्हा अण्णांना चालवत कुठे होते?" एवढेच बोलणे झाले.

चौथ्या दिवशी मलबार हिलवर गेलो. तेथे फिरोजशहा मेहता उद्यान आहे, त्यालाच हँगिंग गार्डन म्हणतात. समोरच्या बागेत म्हातारीचा बूट आहे, तो पोरांसाठी. पण भगिनींनो, त्या फुलझाडांच्या खाली काय आहे? पाण्याचा प्रचंड हौद! वर बाग, खाली शहराचे पिण्याचे पाणी. मुंबईला रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी लागते. ते तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरदूरच्या धरणांतून येते. त्यातल्या शहापूर तालुक्यात धरणे आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण कोणी विसरलेलो नाही. मी त्या हिरवळीवर बसले खरी, पण पाय नीट पसरता आले नाहीत.

लोकलच्या बायकांच्या डब्यात मात्र मी राज्य केले. बाया भाजी निवडतात, भजने म्हणतात, भांडतात आणि पुढच्या स्टेशनावर जागा देतात. 1992 साली चर्चगेट ते बोरिवली अशी सबंध बायकांचीच गाडी सुरू झाली. मालक पुरुषांच्या डब्यात. मला उतरायचे स्टेशन स्वतः ओळखावे लागले, आणि ते मी दोन्ही वेळा ओळखले.

समुद्र आम्ही रोज संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून पाहिला. त्याचे वर्णन मला जमणार नाही. मालक तासन्‌तास बसत. त्यांनी बिडी ओढली नाही, फोन काढला नाही. एकदा मात्र म्हणाले, "एवढे पाणी, आणि एक घोट पिता येत नाही." शेतकऱ्याला दुसरे काय दिसणार!

आता खर्च. गाडी, लॉज, बोट, जेवण, सगळे धरून दोघांचे नऊ हजारांच्या आत भागले. दुपारी वडापाव आणि रात्री पोटभर जेवण असे ठेवले होते. घरच्या दशम्या आणि शेंगांची चटणी पहिले दोन दिवस पुरली. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, तेव्हा तो वार टाळा. पावसाळ्यातही जाऊ नका, समुद्र खवळलेला असतो. गाडीच्या वेळा मी कागदावर लिहून आणल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी हळदीकुंकू झाल्यावर माझ्याकडून उतरून घ्याव्या.