चित्राखाली दोन ओळी



आपले हे साहित्य संमेलन हुमनाबादेत भरले आहे. ही संत माणिकप्रभूंची भूमी. प्रभूंनी मराठीत पदे रचली, तशी कानडीतही रचली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके सीमेपलीकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले, आम्ही इकडे, आजच्या कर्नाटकात राहिलो. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत.

तेव्हापासून आपले एक मागणे आहे: सरकारी कागद आम्हाला वाचता येईल असा, मराठीत द्या. हेच मागणे आपल्याकडेही कोणीतरी करते आहे, ते आज मांडतो.

सीमाभागातली मराठी आता बरीचशी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नांदते. पत्रिका, कवितेचे कात्रण, निधनवार्ता, शाळेची सूचना, सगळे फोटो करून पाठवले जाते. याच ग्रुपवर आपले दृष्टिहीन वाचकही असतात. मोबाइलमधले टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. पण फोटोतली अक्षरे बहुतेकदा त्याच्या लेखी नुसते रंगांचे ठिपके. फोटो आला आहे एवढे कळते. लग्नाचे बोलावणे आहे की तेराव्याचे, ते कळत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातली पीडीएफ तर अर्थहीन अक्षरांची बडबड होऊन कानावर येते.

यावर उपाय निघत आहेत. ‘बी माय आइज’ हे ॲप 2015 साली डोळस स्वयंसेवकांच्या बळावर सुरू झाले. 2023 पासून त्यात यंत्रही चित्राचे वर्णन करते. पण यंत्र नक्षीदार देवनागरीत अडखळते, आणि फोटोतले फेटेवाले गृहस्थ म्हणजे आपले काका, हे त्याला कुठून ठाऊक असणार? ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक असते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम माहितीचा हक्क दिला. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण घरच्या ग्रुपवर कायदा येऊन बसणार नाही. तिथे आपणच लिहायचे. फोटोखाली ओळ लिहायला जागा असते. ती आपण ‘सुप्रभात’ आणि जोडलेल्या हातांनी भरून टाकतो.

काय लिहावे? बिदरी सुरईचा फोटो पाठवताना ‘अप्रतिम!’ एवढेच लिहिले, तर न पाहणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. ‘काळ्याभोर धातूची वीतभर सुरई, अंगावर चांदीच्या तारेची वेलबुट्टी’ असे लिहिले की वस्तू पोचते. पत्रिका असेल तर दिवस, वेळ, ठिकाण आणि नावे टाइप करावीत. फोटोत माणसे असतील तर कोण आहेत आणि काय चालले आहे, ते सांगावे. न पाहिलेले शब्दांतून उभे करणे हे तर लेखकाचे रोजचे काम. इथे जमलेल्यांना ते वेगळे शिकवायला नको.

दृष्टिहीन वाचकांपर्यंत पोचणे मराठीला नवेही नाही. स्वागत थोरात यांनी 2008 साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. इथल्याच माणिकनगरात प्रभूंच्या संस्थानाने अंध मुलांसाठी शाळा चालवली आहे. त्या मुलांपर्यंत आपली कविता फोटो होऊन जाऊ नये, अक्षरे होऊन जावी.

म्हणून स्वागत समितीने ठरवले आहे की या संमेलनाची प्रत्येक सूचना टाइप केलेल्या युनिकोड मजकुरातही जाईल आणि प्रत्येक छायाचित्राखाली दोन ओळींचे वर्णन असेल. आपणही इथले फोटो गावाकडे पाठवाल, तेव्हा एवढे करावे.