वैद्यकीय प्रवेश आणि जंगलपट्ट्यातला विद्यार्थी

चंद्रपूरला २०१५मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, २०२४मध्ये गडचिरोलीलाही झालं. दोन्ही मागण्या रास्त होत्या. पण कॉलेज जिल्ह्यात आलं म्हणून जिल्ह्यातली मुलं आपोआप त्यात पोचत नाहीत. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या ८५ टक्क्यांसाठी महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं आणि दहावी-बारावी राज्यात झालेली असावी लागते. ही अट पुण्याच्या मुलाला आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या भामरागडच्या मुलीला सारखीच. पूर्वी विभागवार ७०:३०चं सूत्र होतं: ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकीच्या राज्याला. मराठवाड्यात कॉलेजं कमी असल्याने तिथल्या मुलांची संधी हुकते, ही तक्रार खरी होती, आणि सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने हे सूत्र रद्द केलं. मला ते सूत्र परत नको आहे, कारण विदर्भ म्हटलं की नागपूर शहर आणि गडचिरोलीतलं एटापल्ली एकाच रांगेत येतात. प्राधान्य द्यायचं तर मूल ज्या तालुक्यातल्या शाळेत शिकलं, तो तालुका बघून द्यावं.

याला आधार आहे. अमेरिकेतली काही ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना झुकतं माप देतात. जपानमध्ये १९७२ साली निघालेलं जिची विद्यापीठ प्रत्येक प्रांतातून मुलं निवडतं, त्यांची फी उचलतं आणि पदवीनंतर त्यांना त्याच प्रांतात सेवा करायला लावतं. ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांना प्रवेशात प्राधान्य द्या, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१०मध्ये केली. आपल्याकडे तर भाषेचाही प्रश्न आहे. गडचिरोलीतली माडिया आदिवासी बाई पोट दुखतं म्हणून दवाखान्यात येते. केव्हापासून, जेवल्यावर की उपाशीपोटी, पाळी चुकली का, हे सगळं दुभाष्यामार्फत विचारावं लागतं, आणि कित्येकदा तो दुभाष्या तिच्या नात्यातला पुरुषच असतो. त्याच्यासमोर ती पाळीबद्दल काय सांगणार? तिची बोली येणारा डॉक्टर ही तिच्या उपचाराची गरज आहे.

गुणवत्तेचं काय, असं विचारलं जातं. नीटचे गुण शिकवणीच्या सोयीनुसारही बदलतात. शिवाय प्रवेश कसाही मिळो, पदवीची परीक्षा सगळ्यांना एकच. अनुसूचित जमातींना सात टक्के आरक्षण आहेच, हा दुसरा आक्षेप. ते हवंच, पण ते राज्यभराचं आहे. गडचिरोलीतल्या कोरची-धानोऱ्याच्या शाळेत शिकलेल्या मुलांचा त्यात वेगळा विचार नाही. कायद्याचा आक्षेप सगळ्यांत वजनदार. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं अधिवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. मात्र एमबीबीएसच्या पातळीवर मर्यादेत असं प्राधान्य चालतं, हे प्रदीप जैन खटल्यात १९८४पासून मान्य आहे, आणि प्रदेशाचं मागासलेपण हे त्यामागचं एक कारण आहे. म्हणून थोड्या जागा, आणि त्यांच्याबरोबर त्याच पट्ट्यातल्या सेवेची अट. ही अट दंड भरून टाळता येऊ नये. आजवरच्या सेवेच्या बंधपत्रांचं बळ तिथंच गेलं. आणि नियम लिहिताना गडचिरोलीच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडे बघावं: तिथलं एखादं मूल नदीपलीकडे तेलंगणात शिकलं असेल, तर ते परकं ठरू नये.