जुन्या रायफलीची पारख

बाजारात बैल घ्यायचा तर इटियाडोहकडचा शेतकरी रंगवलेल्या शिंगांना भुलत नाही. तोंड उघडून दात पाहतो. संग्राहकाने लष्करी रायफलही तशीच पाहावी. १९३५ साली जर्मन फौजेने स्वीकारलेली ७.९२ मिलिमीटरची माउझर घ्या. दुसऱ्या महायुद्धात रशियनांच्या हाती अशा रायफली ढिगाने लागल्या. पुढे त्यांनी त्या सुट्या केल्या, साफ केल्या, लोखंडाला पुन्हा काळा रंग दिला, दस्त्यावर लाख चढवली आणि हाताला येईल तो भाग जोडून कोठारात ठेवल्या. तेव्हा चकाकी सोडा, आकडे पाहा. मूळ कारखान्यात नळीचा नि बोल्टचा क्रमांक एकच असे. येथे बोल्टवर विजेच्या लेखणीने कोरलेला नवा आकडा आढळतो, नळीच्या मुळाशी पुष्कळदा ‘एक्स’ची खूण. हिची किंमत कमी, पण ही काही खोटी नव्हे. खोटी ती, जिची खूण घासून जुळते आकडे मागाहून ठोकलेले असतात! भिंग धरा, कानशीचे ओरखडे दिसतील. आणि बरे का, आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून रायफल घरात आणता येत नाही. निषिद्ध ठरवलेल्या लष्करी मापांना तर साधा परवानाही पुरत नाही.