गर्भाशयातील गाठी : काढायच्या की सांभाळायच्या?



आजच्या विषयाचे नाव ऐकून पुरुष मंडळींपैकी काहींची चुळबूळ चाललेली दिसते. त्यांना आमची विनंती आहे की, हा विषय आपला नव्हे असे समजून त्यांनी उठून जाऊ नये. पिशवी काढायची की ठेवायची, याचा शेवटचा शब्द आपल्याकडे बहुतेक घरांत त्यांच्याच तोंडून निघतो; मग तो शब्द काय आहे हे त्यांना ठाऊक असलेले बरे.

गर्भाशय हा मुख्यतः स्नायूंचा बनलेला अवयव आहे. बाळंतपणात मूल बाहेर ढकलण्याचे सामर्थ्य त्याच स्नायूंचे. या स्नायूंतलीच एखादी पेशी वाजवीपेक्षा अधिक वाढू लागते आणि तिची घट्ट, वाटोळी गाठ बनते. हिलाच डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात. ती वाटाण्याएवढी असेल, नारळाएवढीही होईल. एकच असेल किंवा डझनभर असतील. तिशी ते पन्नाशी या वयात ती इतक्या स्त्रियांत आढळते की, तिला विरळा रोग म्हणण्याचे कारण नाही. पुष्कळजणींना तर ती आहे याचा जन्मभर पत्ता लागत नाही.

गाठ म्हटली की आपल्या मनात पहिला शब्द येतो तो कर्करोगाचा. तेव्हा तेच आधी सांगून टाकतो : ही गाठ कर्करोगाची नव्हे. अशा गाठींत कर्करोग निघणे ही अत्यंत विरळ गोष्ट आहे. दुसरी भीती कागदावरच्या आकड्याची. ‘बारा आठवड्यांची गाठ’ असे ऐकले की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ एवढाच की, तीन महिन्यांच्या गरोदरपणात गर्भाशय जेवढे वाढते तेवढे ते गाठीमुळे वाढले आहे. ते मोजमाप आहे, मुदत नव्हे.

आकारापेक्षा जागा महत्त्वाची. गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला वाढलेली गाठ मोठी असूनही मुकाट राहू शकते. फार तर लघवीच्या पिशवीवर दाब येऊन वरचेवर लघवीला जावे लागते. उलट आतल्या अस्तराखाली बसलेली सुपारीएवढी गाठही पाळीला धो धो रक्त घालवते आणि कधीकधी गर्भ टिकू देत नाही.

आणि खरा घात होतो तो या रक्ताने. हिशेब सोपा आहे. एका पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलीटर रक्त जाते. ऐंशीच्या वर गेले तर ते जास्त समजतात. एक मिलिलीटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. म्हणजे ज्या बाईचे दोनशे मिलिलीटर रक्त जाते तिचे महिन्याला शंभर मिलिग्रॅम लोह गेले. रोजच्या भाकरीभाजीतून शरीरात मुरते ते दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम. जमा तीस ते साठ आणि खर्च शंभर, शिवाय शरीराचा रोजचा किरकोळ खर्च वेगळाच! असा संसार किती दिवस चालेल?

पण बाई तो चालवते. बोईसरच्या कारखान्यात आठ तास उभी राहते, डहाणूच्या लोकलला लोंबकळत मुंबई गाठते, सातपाटीची असेल तर मासळीची पाटी डोक्यावर घेते. जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, तेव्हा ‘वय झाले’ म्हणते. हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेले की तो पंडुरोग आणि आठाच्या खाली गेले की तो गंभीर, हे तिला कोणी सांगितलेले नसते. पाळीत गोळे पडणे, तासातासाला कपडा बदलावा लागणे, आठवडा उलटला तरी रक्त न थांबणे, ही बायकांच्या जातीची रीत नव्हे. आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आदिवासी समाजात सिकलसेलचा आजारही आहे; तेव्हा रक्त कमी दिसले की त्याचीही तपासणी करावी, सगळे खापर गाठीवर फोडू नये.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. आपल्याच महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात काय घडले ते आपण वाचले असेल. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. अनेकींचे वय चाळिशीच्या आत. मुकादमाकडून उचल घेतलेली, पाळीमुळे एक खाडा पडला तरी दंड, शेतात ना पाणी ना आडोसा. अशा बाईला ‘पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल’ असे कोणी सांगितले तर ती कर्ज काढून ऑपरेशन करून घेते. तिच्या अज्ञानाला हसण्याचा अधिकार आम्हा वैद्यक व्यवसायातल्या लोकांना तरी नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ च्या एप्रिलमध्ये, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणा असे राज्यांना बजावले. ती याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या प्रकारांवरून होती. म्हणजे हे दुखणे एकट्या बीडचे नव्हे.

मग करायचे काय? त्रास नसेल तर बहुधा काहीच नाही. अधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवावे. रक्त जास्त जात असेल तर ते कमी करणाऱ्या गोळ्या पाळीच्या दिवसांत घेता येतात. गाठीने आतली पोकळी वेडीवाकडी झाली नसेल तर हार्मोन सोडणारी छोटी वस्तू, तांबीसारखीच, गर्भाशयात बसवतात. तिने काही वर्षे पाळी अगदी थोडी होते. गाठ आकसवणारी इंजेक्शनेही आहेत, पण ती काही महिन्यांपुरती, कारण त्यांनी हाडे झिजतात आणि थांबवली की गाठ पुन्हा वाढते. आणि यातले काहीही करताना लोहाची भरती चालूच ठेवायची.

गाठ तेवढी काढून गर्भाशय राखण्याची शस्त्रक्रिया फार जुनी आहे. लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांनी ती विशेष आग्रहाने पुढे नेली. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचे गर्भाशय अशाच गाठीपायी काढावे लागले होते आणि त्यांना मूल झाले नाही. आज ही गाठ पोट उघडून, दुर्बिणीने, किंवा आतल्या बाजूची असेल तर एकही टाका न घालता योनिमार्गाने काढता येते. गाठीला रक्त पुरवणारी धमनी बारीक कण सोडून बंद करण्याची पद्धत पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. तीही चांगली आहे. मात्र ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनी ती घेण्याआधी नीट चर्चा करावी.

आणि गर्भाशय काढणे? तेही काही पाप नव्हे. मुले झालेली आहेत, औषधे करून पाहिली, हिमोग्लोबिन वर येत नाही, अशा बाईला त्याने नवा जन्म मिळतो. परंतु त्याबरोबर ‘आता कशाला हवीत’ म्हणून निरोगी बीजकोशही काढून टाकणे, हे आम्हाला मुळीच मान्य नाही. पाळी नैसर्गिकपणे थांबण्याआधी ते गेले तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराची भीती वाढते. म्हणून सही करण्यापूर्वी विचारावे : बीजकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याने पहिल्यांचा अपमान होत नाही. पालघरात नाही मिळाले तर मुंबई गाडीने काही तासांवर आहे. रक्ताचा लोंढा चालू नसेल तर चार दिवसांनी काही बिघडत नाही.

वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर आणखी एक हिशेब करावा. पाळी थांबली की हार्मोन उतरतात आणि या गाठी आपोआप सुकू लागतात. म्हणजे पुष्कळदा प्रश्न थोडी वर्षे निभावून नेण्याचाच असतो. मात्र पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर गाठ वाढू लागली, किंवा रक्ताचा एक डाग जरी दिसला, तर तेव्हा वाट पाहू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवून त्याचा अहवाल घरात जपून ठेवावा.