उंच गाडी आणि बुटका मालक
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी बजावलं होतं, 'पगार, पोरं आणि शुगर सोडून काहीही बोल.' त्यामुळे माझ्याकडे एकच विषय उरला. बाहेर आंब्याखाली चिखलानं माखलेली जी उंच मोटारसायकल उभी आहे, तिचा.

ही डांबरावरही चालते आणि डांबर संपल्यावरही चालते. हीरोची एक्सपल्स २००, मॉडेल २०१९चं, कार्ब्युरेटरवालं. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, दोन्हींना स्पोक. पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, म्हणून कास-बामणोलीकडच्या दगडगोट्यांत ती घासत नाही. मात्र सीटची उंची ८२३ मिलिमीटर. प्रार्थनेच्या रांगेत मी पहिला उभा राहायचो हे ज्यांना आठवतं, त्यांना माझी अडचण लगेच कळेल.

गाडी मी विकत घेतलेली नाही. आपल्यातला जो मित्र २०२१मध्ये गेला, त्याची आहे. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनी म्हणाल्या, 'विकायची नाही. मुलगा अठराचा होईपर्यंत तुम्ही चालती ठेवा.' तेव्हापासून माझ्या अंगणात तिची देखभाल चालू आहे.

दोन वर्षं उभी राहिलेली गाडी सुरू कशी करायची, ते आधी सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी असणार. किक मारत बसू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ राहते. तिनं स्लो जेटचं केसाएवढं भोक बुजतं. ते स्प्रेनं आणि हवेनं साफ करायचं. तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. मग इंजिन ऑइल, बॅटरी आणि टायरच्या कडांच्या चिरा बघायच्या. माझे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी गाडी सुरू झाली. वहिनींना फोनवर फक्त आवाज ऐकवला.

आता बदलांविषयी. पाय टेकत नाहीत म्हणून लोक सस्पेन्शन खाली घेतात. त्यानं पोट जमिनीजवळ येतं, म्हणजे गाडीचा मूळ गुणच जातो. शिवाय साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, मग उभी केलेली गाडी पुरेशी कलत नाही आणि वाऱ्याच्या झोतानं पलीकडे पडते. मी सीटवाल्याकडून फोम इंचभर कापून घेतला, पुढच्या बाजूनं जरा निमुळता केला. मित्र उंच होता, त्यानं हँडल वर घेतलं होतं. मी ते मूळ जागी आणलं. लिव्हर वाचवायला हँडगार्ड बसवले. बस्स. कापलेल्या फोमचा तुकडा, हँडलचे रायझर, सगळे नटबोल्ट एका डब्यात नाव लिहून ठेवलेत. पोरगा बापासारखाच उंच होतोय. पुन्हा मागे नेता येणार नाही असा एकही बदल करायचा नाही, हा माझा नियम. कायदाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. फटाके फोडणारा सायलेन्सर तर लावूच नका.

देखभालीचं म्हणाल तर चेन, स्पोक, फिल्टर आणि ब्रेक, एवढं सांभाळलं की बरंच झालं.

चेन रॉकेलनं मऊ ब्रशनं पुसायची, मग आतल्या बाजूनं तेल सोडायचं. चाक हातानं फिरवायचं, इंजिन बंद ठेवून. इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्यांची बोटं जातात. चेन ताणून घट्ट केली की बरं वाटतं, पण या गाडीचं मागचं चाक खड्ड्यात बरंच वर-खाली होतं, तेव्हा चेन आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो. पुस्तिकेत दिलेली ढील ठेवायचीच.

स्पोकवर छोट्या पान्यानं टिचकी मारायची. घट्ट स्पोक टणत्कार करतो, सैल असेल तर ठप्प वाजतो. सैल स्पोक पाव फेराच आवळायचा. रिमला आउट आला असेल तर जाणत्या माणसाकडून काढून घ्यायचा.

एअर फिल्टर कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. आपल्याकडच्या तांबड्या धुळीत तो पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा लवकर भरतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलं की ती मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. लांब घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, तर लिव्हर दाबूनही हाताला काही लागत नाही. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं. पॅड मी बदलतो. ऑइल बदलून हवा काढण्याचं काम मात्र मेकॅनिककडूनच करून घेतो, शेजारी बसून. जे नीट येत नाही ते दुसऱ्याच्या गाडीवर शिकायचं नसतं.

विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. सर, बलाचं आघूर्ण तुम्ही दाराच्या कडीवर शिकवलं होतं. माझ्या टॉर्क रेंचवर न्यूटन-मीटरचे आकडे आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात लोखंडी बोल्ट अंदाजानं पिळला तर आटे जातात, हे त्या धड्याचंच पुढचं पान.

मुलगा आता दर रविवारी येतो. पहिले काही आठवडे नुसता बघत होता. आता पंक्चर स्वतः काढतो. टायर चढवताना समोरची कड रिमच्या मधल्या खाचेत दाबली की लिव्हरला जोर लागत नाही, हे त्याला जमलंय. नवी ट्यूब टाकण्यापूर्वी टायरमध्ये हात फिरवून बाभळीचा काटा शोधायचा, हेही तो विसरत नाही. मध्येच बाबांबद्दल विचारतो. शाळेत ते कसे होते, खरंच भिंतीवरून उडी मारून पळायचे का. मी खरं ते सांगतो. समोरासमोर बसून आम्हाला दोघांनाही हे बोलता आलं नसतं. हातात पाना असला की जमतं.

पुढच्या वर्षी तो अठराचा होईल. लायसन्स हातात आलं की गाडी, डबा आणि प्रत्येक कामाची तारीख व किलोमीटर लिहिलेली वही त्याच्या ताब्यात द्यायची आहे. तोवर रविवारी सकाळी माझं अंगण सगळ्यांना उघडं आहे. जुने कपडे घालून या. पंक्चर काढायला शिकवीन, चहा मिळेल. आणि त्याच्या बाबांचा एखादा किस्सा आठवत असेल तर तो जरूर घेऊन या. माझ्याकडचे संपत आलेत.