‘उठाठेव’ या शब्दाविषयी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



काही तरी बोलाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी काही विदुषी नव्हे. तेव्हा घराघरांत रोज ऐकू येणारा एक शब्दच घेऊन उभी राहिले आहे : उठाठेव.

शब्द किती साधा आहे पाहा. उठवायचे आणि ठेवायचे. म्हणजे आपला सारा दिवसच की! अंथरुणे उचला, घड्या घालून ठेवा. गुंड भरा, रिकामा झाला की पुन्हा भरा. घासलेली भांडी उद्या खरकटी व्हायचीच. पण गंमत अशी की, याला कोणी उठाठेव म्हणत नाही. चूल सोडून बाईने दुसरीकडे हात घातला की तो शब्द येतो, आणि येताना ‘नसती’ हे विशेषण बरोबर आणतो. काम वाया गेले की नाही, हा प्रश्न निराळा. ते तुला सांगितले कोणी, हा त्यातला खरा सवाल. ‘लष्कराच्या भाकरी भाजणे’ म्हणताना निदान भाकरी भाजल्याची कबुली तरी असते! आमच्या सासूबाई सरळच विचारीत, “हे रिकामे धंदे कायले करतं वं?”

२०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या बिनमोबदल्याच्या कामात ते करणाऱ्या बाईची तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, ते करणाऱ्या पुरुषाची ९७. जनगणनेत मात्र नुसते घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ या रकान्यात बसते.

आणि निरुपयोगी दिसणारे काम निरुपयोगी असतेच असे नाही. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अण्यांनी आपल्या पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातले गवत कापायचे आणि तुरुंगात जायचे. त्या गवताची किंमत ती काय असणार!

आता माझेच सांगते. गेल्या हंगामात आमची सून कापूस वेचणाऱ्या बायांची वजने रोज एका वहीत मांडू लागली. घरची वही होतीच. मी म्हटले, “ही नसती उठाठेव कशाला?” सासूबाईंचा सूर माझ्याच तोंडून आला, तेव्हा लक्षात आले नाही. बाजाराच्या दिवशी चुकारा करताना एका बाईचे वजन जुळेना. दोन्ही वह्या ताडून पाहिल्या, तर आमच्याच वहीत तिचे बारा किलो कमी लागलेले. त्या बाईने तोंडातून शब्द काढला नव्हता. तिला आकडे वाचता येत नाहीत. याआधीच्या हंगामांत किती राहिले असेल, ते सांगायला आता वही नाही.

बारा किलोंचे पैसे सूनबाई स्वतः तिच्या घरी देऊन आली. मी तो शब्द घरात अजून मागे घेतलेला नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, म्हणून इथेच घेते.